साहेबापुढं जाताना

चांगुणाबाईला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि माझ्या उत्तरानं तिचं समाधान होत नव्हतं. मी पडले वकील. तिच्या मते वकील म्हणजे बाजू घेणारा माणूस, आणि बाजू घेणाऱ्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? बाजारच्या दिवशी हिंगोलीला आली की ती माझ्या ऑफिसात डोकावायची, चपला बाहेर काढायची, खुर्चीच्या काठावर टेकायची आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी तेच विचारायची.

"वकीलबाई, मी तिला तशी नटवून नेली न्हसती, तं वाचली असती का?"

"चांगुणाबाई, तुमची काही चूक नाही."

"ते तुमी म्हनता."

"मग कोणी म्हणायला पाहिजे?"

"ज्यानं लिवलं त्यानं."

एवढं बोलून ती पाणी प्यायची, पदरानं तोंड पुसायची आणि मेथीची एखादी जुडी टेबलावर ठेवून निघून जायची. मेथी कधी कडू निघाली नाही, पण मला ती नीट गिळवायची नाही.

तिचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. घरात मेंढरं, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. नवरा संपतराव दिवसभर मेंढरांच्या मागे. त्याला माणसांशी बोलायची सवयच राहिली नव्हती, त्यामुळे जगाशी जे काही बोलायचं ते चांगुणाबाईनं. लेक एकच, शीतल. ती दिली जवळच्याच गावातल्या परमेश्वरला. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. तो दारू न पिता मारायचा. ही गोष्ट लोकांना समजावताना माझा दरवेळी घसा बसतो. दारू पिऊन मारलं म्हटलं की लोक चुकचुकतात. शुद्धीत मारलं म्हटलं की विचारतात, बाईनं काय केलं होतं?

एकदा परमेश्वरनं मेंढरं हाकायच्या काठीनं मारलं. शीतलनं तोंडावर हात धरला म्हणून काठी मनगटावर बसली. ती सुजलेला हात घेऊन माहेरी आली. या वेळी चांगुणाबाईनं तिला परत धाडलं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून तालुक्याच्या कोर्टात घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते. वकील दुसरे होते. मागणी साधी होती. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत त्यानं हिच्यावर हात उचलायचा नाही, एवढा हुकूम कोर्टानं द्यावा.

तारखेला चांगुणाबाईनं लेकीला नवी साडी नेसवली, केसांना तेल लावून चापून वेणी घातली, दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या आणि साहेबापुढं रडायचं नाही म्हणून बजावलं. साहेबांनी शीतलकडे पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि आदेशात लिहिलं की अर्जदार नव्या साडीत, हातभर बांगड्या घालून, नीटनेटकी हजर आहे; तिचं बोलणं शांत आहे; चेहऱ्यावर भीतीचा लवलेश दिसत नाही; सबब तातडीच्या संरक्षणाची गरज दिसून येत नाही. दोन्ही पक्षांनी सामोपचारानं घ्यावं, असा सल्लाही दिला. कोर्टाबाहेर आल्यावर त्यांच्या वकिलांनी चांगुणाबाईलाच झापलं. "एवढी नटवून कशाला आणली बाई? साहेबांनी तेच धरलं."

पुढे भावकी बसली, सामोपचार झाला आणि शीतल नांदायला गेली. उन्हाळ्यात निरोप आला की एडक्यानं ढुशी दिली, ती दगडावर पडली, डोक्याला मार लागला. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. एडक्याला जबाब देता येत नाही आणि शीतलला आता येत नव्हता. चांगुणाबाई माझ्याकडे आली ती त्यानंतर. मी जिथं जिथं अर्ज करता येतो तिथं तिथं केला. ते अर्ज आजही चालू आहेत. पण खरं सांगायचं तर अर्जांबद्दल तिनं मला फारसं कधी विचारलंच नाही. तिचा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता. लेक आपल्या हातानं गेली की काय, हे तिला जाणून घ्यायचं होतं, आणि तेही ज्यानं लिहिलं त्याच्याच तोंडून.

अशात एक दिवस मला रागिणीबाईंचा फोन आला. रागिणीबाई निवृत्त न्यायाधीश. आता त्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून न्यायाधीशांची प्रशिक्षणं घेतात. बायकांवरच्या अत्याचाराचा खटला समोर आला की न्यायाधीशाच्या मनात कोणते ग्रह आधीच बसलेले असतात, ते कसे ओळखायचे, असं सगळं शिकवतात. हिंगोलीत एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती.

"दरवेळी आम्हीच बोलतो," त्या म्हणाल्या. "या वेळी मला कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेली एखादी बाई हवी आहे. कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोर्टाचं नाव घ्यायचं नाही, चालू प्रकरणावर मत मागायचं नाही. फक्त काय घडलं ते सांगायचं. आहे कोणी?"

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला करायचा होता? चांगुणाबाई डोळ्यांपुढं उभीच होती. पण एखाद्या बाईचं दुःख उचलून प्रशिक्षणाच्या टेबलावर ठेवायचं, सगळ्यांनी ते पाहायचं आणि मग जेवायला जायचं, हे मला पटत नव्हतं. तरी पुढच्या बाजारला मी तिला विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

"साहेब लोक असतील ना?"

"सगळे साहेबच."

"मंग येते."

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी मला येणाऱ्यांची नावं कळली. त्यात पिंपरखेडे साहेब होते. शीतलचा आदेश त्यांचाच. त्यांची मधल्या काळात बदली झाली होती, पण जिल्हा तोच होता. मी रागिणीबाईंना फोन लावला. तो आदेश कोणाचा, ते सांगितलं.

"त्यांना येऊ नका म्हणून मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "बाईंना नको असेल तर आपण रद्द करू. पण त्यांना सांग. अंधारात ठेवून आणू नकोस."

मी संपतरावच्या फोनवर फोन केला. त्यानं काही न बोलता तो बायकोकडे दिला. मी सांगितलं, तेच साहेब असतील. पलीकडून शेळ्यांचा आवाज येत राहिला. मग चांगुणाबाईनं विचारलं.

"वकीलबाई, मंग मी काय नेसून येऊ?"

"काहीही नेसा."

"तसं न्हाई. नीट सांगा. चांगलं नेसू का रोजचं? मला आता काही समजतच न्हाई."

रोजचं नेसा, म्हटलं मी. एवढी वर्षं वकिली करते, पण हा सल्ला देताना माझी जीभ अडखळली.

सकाळी ती एसटीनं आली. रोजचंच लुगडं, धुऊन विरलेलं. हातात दोन-दोन बांगड्या. डिपोपासून सभागृहापर्यंत आम्ही रिक्षानं गेलो. वाटेत तिनं एकदाच विचारलं, मधी बोलायला लागलं तर साहेब रागावतील का. मी म्हटलं, आज तुम्ही बोलायचं आणि साहेबांनी ऐकायचं. तिला ते काही खरं वाटलं नाही.

सभागृह चांगलं गार होतं. पांढऱ्या चादरी घातलेली गोल टेबलं, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली आणि कोरा कागद. चांगुणाबाईला मागच्या ओळीत माझ्याशेजारी बसवलं. रागिणीबाई पडद्यावर एकेक वाक्य दाखवत होत्या. खरी पीडित बाई लगेच तक्रार करते. खरी पीडित बाई परत जात नाही. खरी पीडित बाई बोलताना रडते. ही वाक्यं आपल्या डोक्यात कुठून आली, असं त्या विचारत होत्या. मग प्रत्येक टेबलाला एका काल्पनिक बाईची हकिगत दिली आणि तिच्यावर विश्वास ठेवाल की नाही, का, ते लिहायला सांगितलं.

सगळ्या टेबलांनी बरोबर उत्तर लिहिलं. बाईच्या वागण्यावरून निष्कर्ष काढू नये, पुरावा पाहावा, धोका किती आहे ते विचारावं. एकानं तर कायद्याचं कलमही तोंडपाठ म्हणून दाखवलं. प्रशिक्षणात सगळेच न्यायाधीश न्यायी असतात. मला चीड येत होती, पण कोणावर काढू ते कळत नव्हतं, म्हणून मी बाटलीचं झाकण उघडझाप करत बसले.

"त्यातले कोनते?" चांगुणाबाईनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. दुसऱ्या टेबलाशी, चष्मा लावलेले, पाठमोरे. पिंपरखेडे साहेब तसे शांत, मृदू बोलणारे गृहस्थ. सकाळी दारात मला पाहून त्यांनी स्वतः बाजूला होऊन वाट दिली होती. चांगुणाबाईला त्यांनी ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कशी? त्या दिवशी ती कोर्टात मागं, दाराला लागून उभी होती.

मग तिचं नाव न घेता रागिणीबाईंनी तिला पुढं बोलावलं. मी सोबत गेले आणि बाजूच्या खुर्चीवर बसले. तिलाही खुर्ची दिली तर ती बसेना. साहेब लोकांपुढं बसून कसं बोलायचं, असं तिचं म्हणणं. शेवटी रागिणीबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मीही उभी राहते. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"माझं नाव सांगायचं न्हाई म्हनले," चांगुणाबाईनं सुरुवात केली. "पोरीचं बी न्हाई. मंग नुसती पोरगी म्हनते."

तिनं काठीचं सांगितलं, माहेरी आल्याचं सांगितलं. आवाज बारीक होता. मागच्या टेबलावरच्या कोणीतरी पंखा कमी करायला लावला.

"हात असा सुजेल व्हता. हळद-चुन्याचा लेप लावला. दवाखान्यात न्हाई नेली. आमी हाड बशिवनाऱ्या मानसाकडं नेतो. तो म्हनला, मोडेल न्हाई, आतून मार हाये. मंग तारीख आली. म्या इचार केला, साहेबापुढं जायाचं. आमी कवा साहेबापुढं गेलो न्हाई. तहशीलला गेलो तं खिडकीपुढं. देवळात जाताना बाई कशी जाती? न्हाऊन, धुवेल नेसून, हातात काकनं घालून. इस्कटेल केसानं, मोकळ्या हातानं नेली तं साहेब म्हनतील, ही टाकेल बाई हाये, हिच्या मागं कोनी न्हाई. आमी हाओत ना मागं. घर हाये, मेंढरं हायेत. आमी काही भीक मागायला न्हवतो चाललो."

ती थांबली. पाणी देऊ का, मी खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली.

"सकाळी तिचा हात धुतला. लेप पिवळा दिसून राहिला व्हता, साहेबाला घान वाटंल म्हनून. साबनानं घासून घासून काढला. मंग कासार बलावला. सुजेल हातात काकन चढंना. तो बिचारा म्हनला, मावशी, ऱ्हाऊ द्या, पोरीला तकलीफ होऊन राहिली. म्या म्हनलं, चढव. त्यानं हात दाबला. पोरगी काही बोलली न्हाई. तिनं माझ्या खांद्यावर तोंड दाबून धरलं. तिचे दात लागले मला हितं. तवढंच."

तिनं खांद्याला हात लावला आणि लगेच काढला. पिंपरखेडे साहेब आतापर्यंत काहीतरी टिपून घेत होते. बांगड्यांचं ऐकलं आणि त्यांचं पेन थांबलं. त्यांनी टोपण लावून पेन कागदावर आडवं ठेवलं. त्या क्षणी त्यांना कळलं, हे मला समोरून, नुसत्या झुकलेल्या मानेवरून दिसलं.

"मंग तिला शिकवलं. साहेबापुढं रडायचं न्हाई. रडत बोललं की मानसाला वाटतं नाटकं करून राहिली. सरळ उभं ऱ्हायचं, इचारलं तेवढं सांगायचं, मान वर ठिवायची. माझी पोरगी लई शहानी. बराबर तशीच उभी राहिली. म्या दारातून पाहत व्हते." चांगुणाबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. त्या दिवशीचंच असावं. "मला लई बरं वाटलं साहेब. म्हनलं, कशी छान बोलून राहिली माझी पोरगी. आता साहेबाला समदं पटनार."

एका टेबलावर एका तरुण न्यायाधीश बाईनं डोळ्यांना रुमाल लावला.

"साहेबानं लिवलं, नवी साडी हाये, काकनं हायेत, हिला भेव न्हाई. आमचे वकील मलाच बोलले, कशाला नटवून आनली. मंग ती नांदायला गेली. मंग मेली."

ती एवढ्यावर संपवील असं रागिणीबाईंना वाटलं असावं. त्या पुढं झाल्या. पण चांगुणाबाईनं हात जोडले.

"मला काही मागायचं न्हाई. कोनाला शिक्षा बी मागत न्हाई हितं. एवढंच इचारते. म्या तिला तशीच आनली असती, लेप लावेल, केस इस्कटेल, रडत, तं वाचली असती का?"

नियमाप्रमाणं हे बसत होतं की नव्हतं, कोण जाणे. रागिणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ती तरुण न्यायाधीश बाई उभी राहिली. चांगली मुलगी होती, मनापासून बोलत होती.

"मावशी, कपड्यांवरून, बांगड्यांवरून काही ठरवायचंच नसतं. तुमची मुलगी कशीही आली असती तरी तिला विचारायला हवं होतं, हात दाखव म्हणून. ते विचारलं गेलं नाही. यात तुमची अजिबात चूक नाही."

"चांगलं बोलल्या बाई तुमी," चांगुणाबाई म्हणाली. "वकीलबाई बी असंच म्हनतात. पर तुमी तिथं न्हवत्या."

तिनं बोट दाखवलं नाही. कोणाकडं पाहिलंही नाही. जोडलेले हात तसेच धरून ती उभी राहिली. हे असं किती वेळ चालणार, मला कळेना. तिला हात धरून जागेवर न्यावं म्हणून मी उठणार, तेवढ्यात दुसऱ्या टेबलाची खुर्ची सरकली.

"तिथं मी होतो," पिंपरखेडे साहेब म्हणाले.

"साहेब, इथं आपण कोणतंही प्रकरण..." रागिणीबाई बोलू लागल्या. साहेबांनी हात वर केला. रागिणीबाई थांबल्या.

"तो आदेश माझा आहे. बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो." ते चष्मा काढून हातात धरून बोलत होते. आवाज कोर्टातल्यासारखाच, सावकाश. "सोपं उत्तर मला देता येईल. पण ते खरं होणार नाही. तुमची मुलगी रडत, विस्कटलेली आली असती, तर मी लिहिलं असतं की हिला शिकवून आणलंय. सहानुभूतीसाठी नाटक करते आहे. मी तसं लिहितो. लिहायचो. त्याच महिन्यात एक बाई आली होती, फाटक्या साडीत, रडून रडून बोलता येत नव्हतं तिला. तिच्या अर्जावर मी तेच लिहिलं. अर्जदार अतिशयोक्ती करत असल्याचं दिसतं, असं. तिलाही काही दिलं नाही."



"तिचं काय झालं साहेब?" चांगुणाबाईनं विचारलं.

"माहीत नाही. आम्हाला पुढचं कळत नाही."

चांगुणाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचे जोडलेले हात सुटले. ती खुर्चीवर बसली, इतका वेळ बसायला तयार नव्हती ती, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. दीड वर्षात तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले. ती माझा दंड धरून म्हणत होती, "म्हंजी माझ्या काकनानं न्हाई गेली. वकीलबाई, ऐकलं का? साहेबच म्हनले. माझ्या काकनानं न्हाई गेली."

माझेही डोळे भरून आले. मला वाटलं, सुटली. त्या माणसानं सगळ्यांपुढं स्वतःच्या तोंडाला काळं फासून हिला सोडवलं. मला त्यांचा राग येत होता आणि तो पुरता येत नव्हता, याचाही राग येत होता.

चांगुणाबाईनं डोळे पुसले. नाक पुसलं. मग वर पाहून, अगदी साध्या आवाजात, वाट विचारावी तसं तिनं विचारलं.

"मंग साहेब, तिनं कसं यायला पायजे व्हतं?"

पिंपरखेडे साहेब उभेच होते. सकाळपासून सगळी उत्तरं बरोबर लिहिणाऱ्या टेबलांवरून कोणी काही बोललं नाही. रागिणीबाईंनी पडद्यावरचं पुढचं पान काढलं नाही. त्यांनी पडदा बंद करायला सांगितलं आणि थोडा वेळ थांबू या, म्हणाल्या.

बाहेर चहा ठेवला होता. साहेब लोक दोन-दोन, तीन-तीन जण उभे होते, पण बोलणं चालत नव्हतं. पिंपरखेडे साहेबांनी चहा घेतला नाही. ते पायरीवर एकटेच उभे राहिले. तरुण न्यायाधीश बाईनं चांगुणाबाईला चहा आणून दिला, तिनं तो बशीत ओतून घेतला. थांबून जेवून जा, असं रागिणीबाईंनी खूप म्हटलं. चांगुणाबाई म्हणाली, मेंढरं एकट्या माणसाला आवरत नाहीत.

मी तिला डिपोत सोडायला गेले. वाशिमकडं जाणारी गाडी अजून लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. बाजूला एक मावशी हळदीचं ओझं मांडीशी धरून डुलक्या घेत होती. चांगुणाबाई शांत होती, आणि मी मूर्खासारखी त्या शांततेवर खूश होते. इतक्या दिवसांचा गळ्यातला दगड उतरला, अर्ज लागले मार्गी तर लागले, निदान हे तरी झालं, असं मी मनाशी म्हणत होते.

"आता तरी नीट झोप लागेल तुम्हाला," मी म्हटलं.

गाडी लागल्याची घोषणा झाली, लोक पिशव्या घेऊन धावले, ती मात्र उठली नाही.

"वकीलबाई, माझी चूक व्हती तवाच बरं व्हतं."

"असं काय बोलता?"

"खरं सांगते. म्या रोज तिला मनात घिऊन जात व्हते कोडतात. लेप ठिवून. काकनं न घालता. रडायचं तेवढं रड म्हनायचे तिला. अन् साहेब ऐकत व्हते बराबर. अन् पोरगी माझ्यासंगं घरी येत व्हती. रोज येत व्हती." तिनं पिशवी उचलली, मांडीवर ठेवली, परत खाली ठेवली. "आता कशी नेऊ तिला?"